नवा लॉट, तरी 'आधीच नोंदवलाय': दर हंगामात परत येणारी अडचण आणि त्यात पीएचपीचा दोष किती

फेब्रुवारी लागला, दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं पॅकहाऊसला (निर्यातीचा माल पेट्यांत भरतात तिथे) जोरात यायला लागली, की नाशिकमध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांना एक ठरलेला फोन येतो. "सर, लॉट नवाच आहे हो, पण सिस्टीम घेत नाही. आधीच नोंदवलाय म्हणते." ताई स्टिकर पुन्हा स्कॅन करतात, पुन्हा तोच लाल संदेश. कंटेनर भरायचा खोळंबलेला असतो. शेवटी कुणीतरी पॅलेटचा (पेट्यांच्या एका थप्पीचा) नंबर एकने वाढवून नोंद करून टाकतं. एप्रिलअखेर हंगाम संपतो, तक्रारही संपते, आणि पुढच्या फेब्रुवारीत तीच परत उभी राहते.

हा 'एकने वाढवायचा' तोडगा फार महागात पडतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेतल्या प्लॉटपर्यंत लावता आला पाहिजे. अपेडा या शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था त्यासाठीच आहे. प्लॉटची नोंदणी आणि कीडनाशकांच्या अंशांची तपासणी त्याच साखळीत येते. पॅकहाऊसच्या नोंदीत तिसरं पॅलेट चौथं म्हणून गेलं, की खरं चौथं पॅलेट आल्यावर 'आधीच नोंदवलाय' हा संदेश खराच ठरतो. मग ते पाचवं म्हणून जातं. त्या प्लॉटचे पुढचे सगळे नंबर एकेकाने सरकतात. स्टिकरवर एक आणि संगणकात दुसरं. पुढे परदेशातून एखाद्या पॅलेटबद्दल तक्रार आली, तर चुकीच्या पॅलेटची माहिती निघेल, आणि काय हललंय ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ही अडचण मुळापासून काढायला हवी.

लॉट नंबर बनतो कसा

खालचं उदाहरण एका पॅकहाऊसचं आहे, पण नंबर पाडायची ही पद्धत बरीच रुळलेली आहे. आधी प्लॉटचा अनुक्रमांक, मग पॅकिंग लाइनचं अक्षर, मग त्या लाइनवर त्या प्लॉटचं कितवं पॅलेट. प्लॉट ४, लाइन बी, पॅलेट ३ म्हणजे ४बी३. (अक्षरं इथे देवनागरीत लिहितोय, स्टिकरवर ती रोमन असतात. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ ते रोमन ई आहे, एवढं लक्षात असू द्या.)

ए ते डी या चार लाइनी हंगामाच्या सुरुवातीपासून चालतात. माल अंगावर यायला लागला की पाचवी लाइन सुरू होते, ई. तक्रारी फक्त तिथूनच येतात. पण ई लाइन चालू असते तेव्हा सगळीकडेच धांदल असते आणि त्या लाइनवर हंगामापुरती घेतलेली माणसं असतात. त्यामुळे खापर फुटतं ते त्यांच्या माथी. "नवीन मुलगी आहे, दोनदा स्कॅन केलं असेल." कधी स्कॅनर बदलला जातो, कधी स्टिकरची शाई. माझं म्हणणं असं की अशा तक्रारीत माणसाकडे बोट दाखवण्याआधी नाकारलेले नंबर एका कागदावर लिहून काढावेत. इथे ते लिहून काढले की चित्र लगेच दिसतं:

४ई३ नाकारला, यादीत ४०ई२ होता.
१२ई३ नाकारला, यादीत १२०ई२ होता.
४००ई१ नाकारला, यादीत ४०ई२ होता.

म्हणजे प्लॉट ४, ४० आणि ४०० यांची आपसात टक्कर होते, १२ आणि १२० यांची होते. १३ आणि १७ यांची कधीच होत नाही. शून्यावर संपणारा प्लॉट आणि ई लाइन या दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात, म्हणून तक्रार 'अधूनमधून' येते. अधूनमधून येणाऱ्या तक्रारीचा छडा लावणं सगळ्यात अवघड, कारण आपण बघायला जातो तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं असतं.

पीएचपीला काय दिसतं

शाळेत मोठे आकडे लिहायची पद्धत शिकलोय: ४ गुणिले १० चा घात ३. संगणकात तेच ४ई३ असं लिहितात. म्हणजे ४०००. आणि ४०ई२ म्हणजे ४० गुणिले १००, तेही ४०००.

आता पीएचपीचा नियम. दोन मजकूर == या 'समान आहेत का' विचारणाऱ्या चिन्हाने ताडून पाहिले आणि दोन्ही आकड्यासारखे दिसत असले, तर पीएचपी त्यांना मजकूर म्हणून ताडत नाही, आकडे करून ताडते. त्यामुळे '४ई३' == '४०ई२' याचं उत्तर 'हो' येतं. '०४ई३' आणि '४ई३' सुद्धा एकच. '+९१' आणि '९१' सुद्धा एकच. खात्री करायची तर एका रिकाम्या फाइलमध्ये रोमन अक्षरांत ही तुलना लिहा आणि व्हार_डंप या फंक्शनमधून छापा. एको वापरू नका. एको 'नाही' या उत्तराला काहीच छापत नाही आणि प्रकार काय आहे ते सांगतच नाही. व्हार_डंप मात्र हा तीन अक्षरांचा मजकूर आहे की पूर्णांक, ते स्पष्ट दाखवतं. अशा शोधात निम्मं काम तिथेच होतं.

पॅकहाऊसच्या प्रोग्रॅममध्ये ही तुलना उघड कुठेच लिहिलेली नव्हती. ती इन_अ‍ॅरे या फंक्शनच्या आत दडलेली होती. 'हा लॉट या यादीत आहे का' असं विचारलं की इन_अ‍ॅरे आतल्या आत == वापरतं. तिसरी किंमत म्हणून 'ट्रू' दिली तरच ते काटेकोर होतं, आणि ती तिसरी किंमत बहुतेक जण देत नाहीत. ती द्यायची असते हे शिकवणीच्या सुरुवातीच्या धड्यांत सांगायला हवं, पण ते सहसा सांगितलं जात नाही.

जे उपाय चालत नाहीत

आधी हे, कारण दरवर्षी हेच करून पाहिले जातात.

"व्हर्जन वाढवा, होईल नीट." नाही होणार. २६ नोव्हेंबर २०२० ला पीएचपी ८ आलं, त्यात तुलनेचे नियम सुधारले हे खरं आहे. आधी ० == 'नाशिक' याचं उत्तर 'हो' यायचं, कारण आकडा नसलेल्या मजकुराचं शून्य व्हायचं. आता 'नाही' येतं. पण ही सुधारणा आकडा आणि आकडा नसलेला मजकूर यांच्यापुरती आहे. दोन्ही बाजूंना आकड्यासारखे मजकूर असले तर जुनाच नियम लागू आहे. एका बाबतीत तर सैलपणा वाढलाय: पीएचपी ८ पासून शेवटी मोकळी जागा असलेला '५ ' हाही पूर्ण आकडा धरला जातो. आधी फक्त सुरुवातीची मोकळी जागा चालायची. स्कॅनर जर कोडच्या शेवटी मोकळी जागा जोडत असेल, तर व्हर्जन बदलल्यावर वागणूक बदलू शकते.

"फाइलच्या डोक्यावर डिक्लेअर(स्ट्रिक्ट_टाइप्स=१) टाका." चांगली सवय आहे, टाकाच. पण तिचा == शी संबंध नाही. फंक्शनला किंमती देताना आणि घेताना पूर्णांक, मजकूर असे जे प्रकार लिहितो त्यांच्यापुरती ती काटेकोर असते. तुलनेच्या चिन्हाला तिचा पत्ताही नसतो. हा गैरसमज मी अनुभवी लोकांतही पाहिलाय, आणि नावामुळे तो होणं साहजिक आहे.

"सगळीकडे == च्या जागी === करून टाका." === किंमतीबरोबर प्रकारही जुळतो का ते बघतं. हा उपाय बरोबर दिशेचा आहे, पण शोधा-बदला करून आंधळेपणाने केला तर दुसऱ्या दिवशी नवी तक्रार येते: "आता जुने लॉट सापडतच नाहीत." त्याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण अ‍ॅरेच्या, म्हणजे यादीच्या, किल्ल्या. पीएचपीत अ‍ॅरेची किल्ली '४००' दिली की ती गुपचूप पूर्णांक ४०० होते. '०४००' किंवा '४ई३' मात्र मजकूरच राहतात. मग फोरईचने (यादीतून एकेक घेत जाऊन) किल्ल्या काढून त्यांची फॉर्ममधून आलेल्या '४००' शी === ने तुलना केली, की उत्तर 'नाही'. दुसरं कारण डेटाबेस. पीडीओ या पीएचपीच्या जोडणीने मायएसक्यूएल डेटाबेसमधून आणलेले पूर्णांक, क्वेरी तयार करायच्या नेहमीच्या पद्धतीत, पीएचपी ८.० पर्यंत मजकूर म्हणून यायचे. ८.१ पासून ते पूर्णांक म्हणून येतात. तुम्ही === '४' असं लिहून ठेवलं असेल आणि होस्टिंगवाल्याने व्हर्जन चढवलं, तर त्या रात्रीपासून तुलना फसते. आणि कुणीतरी वैतागून सगळं परत == करून ठेवतं. पुढचा फेब्रुवारी ठरलेला.

मग करायचं काय

एक गोष्ट आधी पक्की ठरवून घ्या: ज्या नंबराची आपण कधी बेरीज-वजाबाकी करत नाही, तो प्रोग्रॅमसाठी मजकूर आहे. लॉट नंबर, मोबाइल, पिन कोड, सातबाऱ्यावरचा गट नंबर, गाडीचा नंबर. पेट्यांची संख्या, वजन, दर हे आकडे. हा निर्णय भाषेवर सोडायचा नाही. माहिती आत येते त्याच दारावर तो घ्यायचा. स्कॅनरकडून, फॉर्ममधून, फाइलमधून, डेटाबेसमधून काहीही आलं, की लॉट नंबर ट्रिम करून (कडेची मोकळी जागा काढून), अक्षरं मोठी करून, (स्ट्रिंग) लावून मजकूर केला आणि मगच आत सोडला. वजन असेल तर तपासून आकडा केला. एवढं झालं की आत सगळीकडे === निर्धास्त वापरता येतं, आणि डेटाबेस उद्या काय पाठवेल याची धास्ती राहत नाही.

त्या पॅकहाऊसच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायच्या जागा अशा निघाल्या. इन_अ‍ॅरे आणि अ‍ॅरे_सर्च दोन्हींना तिसरी किंमत ट्रू. स्विच (पर्यायांतून एक निवडणारी रचना) आतून == च वापरतं, म्हणून लॉटवर चालणारे स्विच काढून पीएचपी ८ मधलं मॅच घातलं. ते === ने ताडतं, आणि एकही पर्याय जुळला नाही तर गप्प न बसता चूक दाखवतं. सॉर्टही तसंच सोडून चालत नाही. मूळ स्वरूपात ते आकड्यासारख्या मजकुरांना आकडे समजून क्रम लावतं, म्हणून ४ई३ आणि ४०ई२ यांना ते समान धरतं. तिथे मजकूर म्हणून लावायचा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो.

आणि इथे माझा भाषेवर खरा राग आहे. अ‍ॅरे_युनिक हे दुबार नोंदी काढणारं फंक्शन मात्र मूळ स्वरूपात मजकूर म्हणून ताडतं. अ‍ॅरे_डिफही तसंच. म्हणजे एकाच यादीवर इन_अ‍ॅरे म्हणतं 'हा लॉट आहे', आणि अ‍ॅरे_युनिक म्हणतं 'हे दोन वेगळे आहेत'. दोन्ही एकाच भाषेची, शेजारशेजारची फंक्शनं. सैल तुलना ही एक भूमिका म्हणून समजून घेता येते. पण कुठे सैल आणि कुठे काटेकोर हे प्रत्येक फंक्शनगणिक पाठ करायला लावणं हा डिझाइनचा दोषच, त्याचं समर्थन मला करता येत नाही.

डेटाबेसकडेही एकदा बघा. मायएसक्यूएलमध्ये लॉटचा रकाना मजकुराचा असला आणि क्वेरीत अवतरणचिन्हं न देता ४००० लिहिलं, तर तेही मजकुराचे आकडे करून ताडतं आणि ४ई३ ची ओळ काढून देतं. ० लिहिलं तर अक्षराने सुरू होणाऱ्या झाडून सगळ्या ओळी. क्वेरी तयार करताना किंमती जागा सोडून वेगळ्या पाठवायच्या आणि लॉट मजकूर म्हणून बांधायचा, हाच रस्ता. त्याने घुसखोरीही टळते.

ई लाइनवरची दुसरी एक तक्रार याच कुळातली होती. 'खराब पेट्या' या रकान्यात ० भरलं तरी फॉर्म म्हणायचा, रकाना रिकामा आहे. एम्प्टी या तपासणीला '०' हा मजकूर रिकामा वाटतो. गंमत म्हणजे '०.०' रिकामा वाटत नाही, त्यामुळे कुणीतरी शोधून काढलेला '०.० भरा' हा तोडगा चालून गेला होता. तिथे किंमत आली आहे का आणि ती '' आहे का, एवढंच === ने विचारायचं.

हे सगळं डोळ्यांनी शोधत बसू नका. पीएचपीस्टॅन हे तपासणीचं साधन आणि त्याचे कडक नियम देणारं जोडपॅकेज बसवलं, की प्रत्येक सैल ==, आणि तिसऱ्या किंमतीविना वापरलेलं प्रत्येक इन_अ‍ॅरे ते ओळ क्रमांकासह दाखवतं. जुन्या प्रोग्रॅमवर पहिल्यांदा चालवलं की यादी बघून धडकी भरते. तेव्हा आधीच्या चुका एका फाइलमध्ये बाजूला ठेवून नवीन चूक शिरू द्यायची नाही असं लावता येतं, आणि जुन्या हळूहळू काढता येतात. हंगाम चालू असताना मी फक्त लॉटच्या वाटेवरच्या जागा बदलायला सांगेन, बाकीच्या मे महिन्यात.

नंबर पाडायची पद्धत बदलायची का? हो, पण पुढच्या हंगामापासून. मधेच बदलली तर छापून ठेवलेली स्टिकरं, कोल्ड स्टोरेजमधला माल आणि खरेदीदाराकडे गेलेली यादी यांचा मेळ तुटतो. नवी पद्धत ००४-ई-०३ अशी, मधे आडवी रेघ असलेली ठेवा. मग तिला कुणी आकडा समजू शकत नाही. रेघ नकोच असेल, तर एक-शून्याशी गल्लत होते म्हणून लाइनींना आय आणि ओ ही अक्षरं जशी टाळतात, तसं ई सुद्धा टाळा.

रेघेचा आग्रह धरायचं दुसरं कारण म्हणजे एक्सेल. लॉटची यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली, की ४ई३ चं रूपांतर आपोआप वैज्ञानिक पद्धतीच्या आकड्यात होतं, आणि फाइल जतन केली की मूळ नंबर कायमचा गेला. तिथे पीएचपीचा काही संबंध नाही. जपानच्या राइकेन संस्थेच्या जनुकीय नमुन्यांचे नंबरही असेच होते, मधे ई असलेले, आणि एक्सेलमध्ये त्यांची अशीच वाट लागते हे संशोधकांनी २००४ मध्येच दाखवून दिलं होतं. पुढे २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. तेव्हा मजकुराला न विचारता आकडा करण्याची खोड एकट्या पीएचपीची नाही.

तर भाषा बदलायची का

हा प्रश्न दर वेळी निघतो, आणि आमच्यात त्यावरून कडाक्याचे वाद होतात. माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र म्हणतो, "दादा, पायथनमध्ये हे झालंच नसतं. दोन स्ट्रिंग म्हणजे दोन स्ट्रिंग. फेकून दे आणि नव्याने लिही." त्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. जावास्क्रिप्टलाही सैल == साठी लोक नावं ठेवतात, पण तीसुद्धा दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर मजकूर म्हणूनच ताडते. दोन मजकुरांचे आकडे करण्यापर्यंत पीएचपीच गेली.

का गेली, तेही समजून घ्यायला हवं. रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत काही छोटी साधनं लिहिली आणि ८ जून १९९५ ला ती सगळ्यांसाठी खुली केली. पूर्ण भाषा रचायची असं ठरवून ती सुरू झालेली नाही. पुढे अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या इस्राएलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. त्या काळात, आणि आजही, ब्राउझरच्या फॉर्ममधून जे येतं ते सगळं मजकूरच असतं. वय '१८' असं येतं, किंमत '२५०.००' अशी येते. ज्याने आयुष्यात प्रोग्रॅम लिहिला नाही अशा माणसाला '२५०' आणि '२५०.००' एकच वाटावेत, ही अपेक्षा चुकीची नव्हती. पर्लने हाच प्रश्न दोन वेगळी चिन्हं देऊन सोडवला होता, आकड्यांसाठी == आणि मजकुरासाठी ईक्यू. लिहिणाऱ्याने स्वतःच सांगायचं. पीएचपीने पर्लकडून बरंच घेतलं, पण ही दोन चिन्हं एक करून टाकली, आणि काय अभिप्रेत आहे याचा अंदाज स्वतः बांधायला लागली. माझ्या मते खरी चूक इथे झाली. काटेकोर === पुढे आलं, पण तोवर == लोकांच्या हाताला बसलं होतं.

या अंदाजाची किंमत द्राक्षांपुरती नाही. '२४०६१०७०८' या मजकुराचा एमडी५ हा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढला, तर तो ०ई ने सुरू होतो आणि पुढे सगळे अंकच येतात. असे दोन हॅश == ने ताडले की दोन्हींची किंमत शून्य, म्हणजे समान, म्हणजे चुकीच्या पासवर्डवर दार उघडलं. पीएचपी ८ मध्येही. म्हणून पासवर्डसाठी पासवर्ड_व्हेरिफाय आणि इतर गुप्त किंमतींसाठी हॅश_इक्वल्स, दुसरं काही नको.

आणि मराठीत काम करणाऱ्यांना एक जास्तीचा जाच आहे. पीएचपीचा मजकूर म्हणजे नुसते बाइट. स्ट्रलेनला 'नाशिक' ची लांबी विचारली तर १५ सांगते. एमबी_स्ट्रलेन ५ सांगते, ग्राफीम_स्ट्रलेन ३, आणि आपण डोळ्यांनी मोजतो ती तीनच. लेबलवर गावाचं नाव २० बाइटवर कापलं, तर पिंपळगाव हा २४ बाइटचा शब्द सातव्या चिन्हाच्या मधोमध तुटतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन छापून येतो. युनिकोड भाषेच्या गाभ्यातच आणायचा म्हणून पीएचपी ६ हाती घेतलं होतं, ते २०१० मध्ये सोडून दिलं आणि ५ नंतर थेट ७ आलं. आपल्यासाठी ते झालं असतं तर फार बरं झालं असतं.

एवढं सगळं बोलूनही मी त्या पॅकहाऊसला भाषा बदलायला सांगितलं नाही, आणि तेच बरोबर होतं असं ठामपणे म्हणतो. पीएचपीत प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते. पान मागितलं, प्रोग्रॅम चालला, उत्तर गेलं, मेमरी मोकळी. एका ताईच्या स्कॅनमध्ये काही बिनसलं तर तेवढीच विनंती पडते. शेजारच्या लाइनीचं काम अडत नाही, आणि आधीच्या विनंतीतला उरलेला कचरा पुढच्या विनंतीत शिरत नाही. हे डोकं लावून केलेलं डिझाइन आहे, आणि इतर भाषांत ते जमवायला वेगळी खटपट लागते. वर्षाला थोड्या पैशांत मिळणाऱ्या सामायिक होस्टिंगवर हे सॉफ्टवेअर चालतं. दुरुस्त केलेली फाइल चढवली की पुढच्या विनंतीपासून नवा प्रोग्रॅम चालतो. ओपीकॅश (वाचलेला प्रोग्रॅम मेमरीत साठवणारी सोय) मूळ सेटिंगवर असेल तर फार तर दोन सेकंद. इन_अ‍ॅरेची दुरुस्ती लाइन चालू असताना, एकही पॅलेट न थांबवता केली होती. (फाइल दुसऱ्या नावाने चढवून मग नाव बदला. चढत असतानाच कुणी पान मागितलं तर अर्धवट फाइल चालते.) आणि काही अडलं तर नाशकात पीएचपी येणारा माणूस मिळतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांपासून कॉलेज रोडच्या क्लासपर्यंत तिच्यावर चाललेली कामं आहेत. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तोही पीएचपीतच लिहिलेला.

मित्राचं यावर म्हणणं, "म्हणजे स्वस्त आहे म्हणून दोष पोटात घालायचे?" त्याला मी सांगतो, नाही, दोष नावानिशी सांगायचे आणि त्यांच्या जागा बंद करायच्या. नव्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये या चुका नसतील, पण हंगामाच्या तोंडावर त्यात कोणत्या दुसऱ्या चुका निघतील ते कुणालाच माहीत नाही. इथल्या चुका आता माहीत झाल्यात. तो यावर अजून सहमत नाही. कोरं नवं काम हातात घेतलं तर त्याचा मुद्दा मी गंभीरपणे धरतो, कारण तिथे हे == चं ओझं मुळातच उचलायची गरज नसते.

आणि == चा नियम भाषेतूनच का बदलत नाहीत? कारण जगभरच्या असंख्य चालत्या साइट नकळत त्यावर टेकलेल्या आहेत. त्यातल्या वर्डप्रेसच्या साइटच केवढ्या. उद्या नियम बदलला तर कुठे काय ढासळेल ते सांगता येणार नाही. फॉर्ममधून आलेलं सगळं थेट प्रोग्रॅमच्या चलांत उतरवणारी, रजिस्टर_ग्लोबल्स नावाची याहून घातक सोय होती. ती २००२ मध्ये मूळ सेटिंगमधून बंद झाली आणि पूर्ण काढून टाकायला २०१२ उजाडलं. यावरून अंदाज घ्या.

दुरुस्ती झाल्यावर, मागच्या नोंदी

हे बहुतेक जण करत नाहीत. प्रोग्रॅम नीट झाला तरी 'एकने वाढवलेल्या' जुन्या नोंदी तशाच पडून राहतात.

लॉटच्या तक्त्यात अंक, मग रोमन ई, मग अंक एवढंच असलेले नंबर वेगळे काढा. प्रत्येक प्लॉटच्या ई लाइनच्या पॅलेटांचा क्रम लावा आणि मधे गाळलेला नंबर शोधा. ४ई१, ४ई२ आणि नंतर एकदम ४ई४ दिसला, आणि त्याआधी ४०ई२ किंवा ४००ई१ नोंदलेला असेल, तर सरकवलेली मालिका तिथून सुरू होते. तो ४ई४ खरा ४ई३ आहे, आणि त्याच्या पुढचा प्रत्येक नंबर एकने जास्त. एकाच मालिकेत दोनदा टक्कर झाली असेल तर तिथून पुढे दोनने जास्त. म्हणून सरसकट क्वेरी चालवू नका, प्लॉट एकेक करून घ्या. स्टिकरचे फोटो किंवा कोल्ड स्टोरेजची हाताने लिहिलेली वही असेल तर तिच्याशी ताडा. स्टिकरवरचा नंबर प्रोग्रॅममधून गेलेला नसतो, म्हणून वाद झाला तर स्टिकर प्रमाण धरा.

जुना नंबर पुसू नका. शेजारी 'दुरुस्त लॉट' असा नवा रकाना करा, मजकुराचाच, आणि कोणी कधी बदलला ते त्यात राहू द्या. त्या कंटेनरच्या कागदपत्रांवर जुना नंबर गेलेला असेल, तर निर्यातीचं काम बघणाऱ्यांना आणि बागायतदाराला यादी आजच द्या. पुढचा हंगाम सुरू झाल्यावर ती मागायला कुणाला सवड नसते.